चर्चचं पडीक खाजन आणि आमचं एक वर्ष

गेल्या महिन्यात तिघांचे फोन आले आणि तिघांचाही प्रश्न एकच. "बाई, आमच्याही गावात चर्चचं शेत पडून आहे. तुम्ही म्हणे कसायला घेतलंत. कसं जमवलंत?" प्रत्येकाला तासभर सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते. गावाचं नाव देत नाही. यात काही माणसांविषयी तक्रारी येणार आहेत आणि आम्हाला इथेच राहायचंय. गोव्यातलं, कुंभारजुव्याच्या कालव्याकाठचं, तिसवाडी तालुक्यातलं गाव, एवढं पुरे. मी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, माहेर माशेलचं. शेतीचा अनुभव म्हणाल तर लहानपणी आजोळी तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी डोक्यावरून वाहून नेल्या, तेवढाच.

सुरुवात 2 नोव्हेंबर 2023 ला झाली. ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस. शेजारच्या मावशीचे गुडघे दुखतात, म्हणून कबरींवर फुलं ठेवायला तिच्यासोबत मी गेले होते. मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, मागच्या बाकावर बसले. पाद विगारांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या मुख्य पाद्रींनी, बरीच नावं वाचली. त्यात एका जोडप्याचं नाव आलं, तेव्हा मावशी कानात म्हणाली, "तुज्या शाळेमागलें शेत तांचें." मूलबाळ नसलेलं जोडपं. जाताना शेत चर्चच्या नावावर करून गेलं. अट एकच, त्या शेताच्या उत्पन्नातून दर वर्षी त्यांच्यासाठी दोन मिसा व्हाव्यात.

शाळेमागचं ते शेत मी वीस वर्षं खिडकीतून पाहत होते. लव्हाळा, पाणकणीस आणि मधूनमधून बगळे. उत्पन्न कसलं? बाहेर आल्यावर फादरना विचारलं, "मग मिसा कशा होतात?" ते हसले. "होतात. शेत पिकत नाही म्हणून मिसा कमी करायचा अधिकार मला नाही." मग म्हणाले, "तुम्हाला कसायचंय का?" ते थट्टेत म्हणाले होते. मी मात्र घरी येईपर्यंत ते खरंच मनावर घेतलं होतं.

आठवडाभरात आम्ही सात जण झालो. बचत गटातल्या चौघी (त्यात मी), एक पाडेली, जो नारळ पाडायचं काम करून वर स्वतःचं थोडं शेतही करतो, बोटीवरची नोकरी सोडून आलेला एक भाऊ, आणि कॉलेजातला एक मुलगा. त्याला मोबाइलवर सगळे सरकारी फॉर्म सापडतात. हा सातवा माणूस गटात हवाच, नाही तर सुरूच करू नका.

आता कागद. सगळ्यात आधी नमुना 1 आणि 14, ज्याला आपण सगळे एक-चौदाचा उतारा म्हणतो, तो काढा. सोबत सर्व्हेचा नकाशा. दोन्ही ऑनलाइन मिळतात. उताऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात चर्चच्या फाब्रिकेचं नाव होतं. फाब्रिका म्हणजे चर्चची मालमत्ता सांभाळणारी समिती. पाद विगार तिचे अध्यक्ष, बाकी गावकरी: प्रोकुरादोर (मुखत्यार), खजिनदार वगैरे. शेतं, भाटं (नारळाच्या बागा), दुकानाचे गाळे, सगळं हीच मंडळी पाहतात. इथवर ठीक. खाली कुळाच्या रकान्यात नजर गेली आणि पाडेलीने "सायबा!" म्हटलं. दोन पोटविभागांपैकी एकावर कुळाचं नाव होतं. माणूस कधीच वारलेला, वारसांपैकी एक मुंबईला, दोघे इंग्लंडात स्विंडनला.

बाहेरच्यांना इथली गंमत कळत नाही, म्हणून थोडं सांगते. गोव्यात 1964 चा कूळ कायदा आहे, आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारं कूळ हेच जमिनीचं मालक मानलं गेलं. न्याय म्हणून ते योग्यच होतं. माझ्या आजोबांनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणात पायरीखाली उभं राहून खंड मोजलेला आहे, ते मी विसरलेले नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की ज्याच्याकडे जमीन उरली तो ती दुसऱ्याच्या हातात द्यायला घाबरू लागला. आज कसायला दिली, उद्या हा कूळ म्हणून उभा राहील. चर्च, कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), खासगी भाटकार, सगळ्यांच्या पोटात ही एकच भीती. शेतं पडीक राहण्याची कारणं मजुरी, पाणी, परदेशी नोकऱ्या अशी पुष्कळ सांगतात आणि तीही खरी आहेत. पण आम्हाला ज्या भिंतीवर डोकं आपटावं लागलं ती ही.

फाब्रिकेची बैठक 10 डिसेंबरला, रविवारच्या मिसेनंतर. आम्ही तिघं गेलो. चहा आला, सान्नां (तांदळाच्या इडल्या) आली, आणि मग प्रोकुरादोर म्हणाले, "बाई, तुमच्यावर विश्वास आहे. तुमच्या नातवंडांचं काय सांगावं?" मला राग आला, खोटं कशाला बोलू. फादरनी सावरून घेतलं. चर्चच्या कायद्यात, 1983 च्या संहितेत, कलम 1284 आहे म्हणाले: चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्याने चांगल्या घरधन्यासारखं वागावं. "घरधनी शेतात लव्हाळा वाढू देतो का?" मग 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर काढलेलं परिपत्रक काढलं, त्यावर पाचेक मिनिटं. खजिनदार मात्र सगळ्या वेळात एकच विचारत होते, बांध फुटला तर पैसे कोण देणार. नंतर कळलं की त्या खोलीत शेती कळणारे तेच एक होते.

ठरलं ते असं. कूळ असलेला पोटविभाग सोडून द्यायचा. 12,400 चौरस मीटरचे 8,600 झाले. मन खट्टू झालं, पण तुम्हालाही हेच सांगेन: वादाचा तुकडा पदरात घेऊ नका. वारसांची संमती मिळवीन म्हणाल तर त्यात दोन पावसाळे जातील.

करारनाम्यासाठी पणजीत एक वकील गाठले. त्यांनी आमचा कच्चा मसुदा वाचला आणि दोन शब्दांवर पेन्सिलीने फुली मारली. 'भाडं' आणि 'पिकाचा वाटा'. "हे दोन शब्द असतील तर फाब्रिका सही करणार नाही, आणि करूही नये." मग कागदाचं रूप बदललं. शेती करणार फाब्रिकाच. आम्ही तिच्यासाठी, तिच्या देखरेखीखाली काम करणार, मजुरी रोख. भांडवल आम्ही फाब्रिकेला बिनव्याजी उसनं देणार. उत्पन्न आलं की सगळ्यात आधी 3,000 रुपये मिसांच्या खात्यात, मग आमचे उसने पैसे परत, आणि उरलं तर मजुरी. मुदत एका हंगामाची. हंगाम संपला की शेताचा ताबा लिहून परत. यात आमच्या बाजूने सुरक्षितता काहीच नाही, हे मला दिसत होतं. पण ज्याची जमीन आहे त्याची भीती आधी घालवल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. आमचा करार आमच्यापुरता. तुमच्या उताऱ्यावर काय आहे ते तुमच्या वकिलाला दाखवा.

मसुदा पणजीत आल्तिनोवर, डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) कचेरीत मंजुरीला गेला तो 5 फेब्रुवारी 2024 ला. 14 ला उपासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपासांचा काळ, सुरू झाला. फादरनी आधीच सांगितलं होतं, "ईस्टरपर्यंत विचारू नका." ईस्टर 31 मार्चला. तोपर्यंत 16 मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता लागली होती आणि सरकारी कचेऱ्यांतले निम्मे लोक निवडणुकीच्या कामाला. कोणाचा दोष म्हणता येणार नाही, पण शेतकऱ्याचं पंचांग कोणासाठी थांबत नाही. मंजुरीचं पत्र 12 एप्रिलला हातात आलं, 18 ला नोटरीसमोर सह्या झाल्या. वकील 2,500, स्टँप आणि नोटरी 1,100, उतारे आणि नकाशे 350, झेरॉक्स आणि बसभाडं 400. कागदांचा खर्च एकूण 4,350. तुम्ही सुरू करणार असाल तर गणेशचतुर्थी झाली की लगेच अर्ज टाका. नाताळ आणि उपासकाळ यांच्या फटीत काम होत नाही.

मंजुरीची वाट पाहताना आम्ही मातीकडे वळलो होतो. आमचं शेत खाजन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवून मिळवलेली जमीन. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची उघडझाप. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. शेकडो वर्षं हे चाललंय. 'शाश्वत' हा शब्द अर्जात आम्ही चार वेळा लिहिला, पण मानशीसमोर तासभर बसून पाहिल्यावर तो लिहिल्याची थोडी लाज वाटली.

जुन्या गोव्याला एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे, तिथे मातीचे नमुने दिले. नमुना घेण्याची रीत आहे: आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती, सगळी एकत्र मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. वरच्या आणि खालच्या भागाचे नमुने वेगळे द्या. आम्ही दिले म्हणून कळलं की एप्रिलमध्ये वरच्या भागाची क्षारता 7.8 होती आणि खालच्या भागाची 11.2. चारच्या वर गेली की जमीन खारवट समजतात. आम्ही एकमेकांची तोंडं पाहत राहिलो. तिथले शास्त्रज्ञ शांतपणे म्हणाले, "एप्रिलचा आकडा आहे. पाऊस पडू दे, मग पुन्हा आणा." त्यांनी गोवा धान मालिकेतली, खारं पाणी सोसणारी वाणं सुचवली. पाडेलीचं म्हणणं कोरगुटच लावायचं. कोरगुट म्हणजे खाजनाचं जुनं, लाल तांदळाचं भात. उंच वाढतं, पीक कमी देतं, पण मिठाला दाद देत नाही. मत घेतलं, कोरगुट चारास तीन मतांनी जिंकलं. मी विरोधात होते.

एप्रिलअखेर लव्हाळा काढला. चार दिवस, 12,000 रुपये. काढलेला जाळायचा नाही यावर मी अडून बसले. तो बांधाच्या कामी आला. शेताच्या अगदी खालच्या कडेला खारफुटीची रोपं उगवली होती, कंबरेएवढी. बोटीवरून आलेला भाऊ कोयता घेऊन निघालाच होता. थांबवलं. खारफुटी संरक्षित आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडली तर गुन्हा. आणि 2011 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेखही आहे. म्हणून पडीक खाजनाच्या बाबतीत घाई करा: बांध फुटलेला राहिला की खारं पाणी येतं, त्यामागून खारफुटी येते, आणि मग ते शेत पुन्हा शेत करणं कागदावर फार अवघड होतं. आमची कड आम्ही तशीच राखली. बांधाला लाटेपासून आडोसा झाला.

बांधाचं काम मला सगळ्यात आवडलं. चिखल, गवत आणि पेंढा यांचे थर. पाडेलीचा काका, ऐंशीच्या घरातला, खुर्ची टाकून वर बसायचा. चिखलाचा गोळा हातात घेऊन तो दाबायचा, बोटांच्या फटीतून पाणी आलं की "ना" म्हणून फेकून द्यायचा. एकदा पाणी आलं नाही, गोळा फक्त चकाकला. "आतां घाल." तोच खरा अभियंता. चौघे मजूर, सहा दिवस, दिवसाला हजार रुपये प्रत्येकी, म्हणजे 24,000, आणि सामान 7,000. शिवाय काकांची रोजची चहा-भाजी, ती हिशेबात धरली नाही. त्यांनीच सांगितलं की जमीन नांगरून ढेकळं मोठीच ठेवा, फोडू नका. पहिल्या पावसात ढेकळांतलं मीठ धुऊन खाली उतरतं आणि मानशीतून बाहेर जातं. ट्रॅक्टरला सहा तास, 6,000.

7 मेला मतदान, त्याआधी विभागीय कृषी कार्यालयात जाऊन कृषी कार्डासाठी अर्ज दिला. कार्ड असेल तर बियाणं, यंत्रं यांवरचं अनुदान सोपं जातं. खिडकीवरच्या माणसाने उतारा उलटसुलट पाहिला. "मालक चर्च, अर्जदार तुम्ही. तुम्ही कोण?" करारनामा दाखवला. "यात तुम्ही मजूर आहात." बरोबरच होतं म्हणा. मग फाब्रिकेच्या नावाने अर्ज करा म्हणाले. केला. मग शिक्का नाही. शिक्का आणला. मग साहेब रजेवर. चार खेपा झाल्या, एका खेपेला एक दिवस. कार्ड या हंगामात आलं नाही. आजही आलेलं नाही. म्हणून खर्च काढताना अनुदान शून्य धरा, आलं तर बोनस.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. बियाणं शेजारच्या गावातून, 60 किलो, 50 रुपये भावाने. मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेलं काढून टाकलं. पाण्यात मीठ किती ते पाहायला कच्चं अंडं सोडायचं, ते तरंगलं की पाणी तयार. माझ्या निवृत्तीच्या वयात मी बादलीतल्या अंड्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. बी चांगल्या पाण्यात धुऊन गोणपाटात बांधलं, वर दगड, मोड आले की वरच्या उंचवट्यावर तरवा टाकला. पंधरा दिवस पावसाने धुतल्यावर पुन्हा माती तपासली: वर 2.9, खाली 4.6. शास्त्रज्ञ बरोबर होते आणि काका पण.

लावणी 13 आणि 14 जुलैला. त्या जुलैत पाऊस थांबेचना. आम्ही सात जण आणि सहा मजूर बायका, दोन दिवस, 600 रुपये रोज, 7,200. फादर पायजमा वर करून चिखलात उतरले, अर्ध्या तासात कंबर धरून बांधावर बसले. खत म्हणून गिरिपुष्पाचा पाला, शेण आणि तरव्याला थोडं जीवामृत. रासायनिक काही घातलं नाही. यात तत्त्वापेक्षा सोय जास्त होती, कारण त्या पावसात घातलेलं खत दुसऱ्या दिवशी कालव्यात गेलं असतं.

ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त, म्हणजे नव्या पिकाचा चर्चमधला सण. राय गावात 5 तारखेला, ताळगावात 21 ला. आमच्या चर्चमध्येही झालं, पण कणसं दुसऱ्याच्या शेतातली, आमचं कोरगुट तेव्हा गुडघ्याएवढं. माझ्या घरी नव्याच्या पंचमीलाही, 8 सप्टेंबरला, शेजारून मागून आणलेलीच कणसं पुजली. त्याच दिवसांत माझ्या आतेभावाने एक टोमणा मारला. "आमच्या देवळांच्या जमिनी घेऊन बसले, आणि तू त्यांच्या शेतात फुकट राबतेस." तो इतिहास मला माहीत आहे. तिसवाडीतली देवळं मोडली गेली आणि 1541 मध्ये त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं, हे नोंदलेलं आहे. हे शेत त्यातलं नाही, हे त्या जोडप्याचं. पण ते त्यातलं असतं तरी मी लव्हाळा काढलाच असता का? या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आतेभावाला मी फक्त जेवायला वाढलं.

आणि मग अनंत चतुर्दशी, 17 सप्टेंबर. पौर्णिमेची मोठी भरती. मानशीतल्या मासेमारीची दर वर्षी पावणी (लिलाव) होते, जो जास्त बोली लावतो त्याच्याकडे दारांचा ताबा. रात्री सगळा गाव विसर्जनात. भरतीबरोबर मासे आणि कोळंबी आत यावीत म्हणून कोणी तरी दाराला काठी लावून ते उघडं ठेवलं. सकाळी पाडेलीचा फोन, "बाई, येयात." खालच्या भागात घोटाभर पाणी. मी बोट बुडवून चाखलं. खारट. कोरगुट मिठाला दाद देत नाही हे खरं, पण फुलोऱ्यात त्यालाही सोसत नाही. आम्ही ओहोटीची वाट पाहत बसलो आणि दुपारी पाणी निघालं. सुदैवाने दोन दिवसांनी पाऊस झाला. तरी दीड हजार चौरस मीटरमधलं भात पोचट राहिलं. पावणी घेणाऱ्याकडे गेलो तर म्हणाला, "काठी माझी होती याला पुरावा?" नव्हता. खाजनाचे बांध आणि मानस पाहणाऱ्या कूळ संघटनेकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पुढच्याला सांगते: खाजन घेताना आधी मानशीचा ताबा कोणाकडे ते विचारा, आणि हंगाम सुरू होण्याआधी त्याच्याशी ओळख करून ठेवा. आम्ही बांधावर 31,000 घातले आणि दाराकडे पाहिलंच नाही.

त्यानंतर मोर. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. आले, खाल्लं.

कापणी 14 ऑक्टोबरपासून. यंत्र बोलावलं होतं, ते बांधापर्यंत आलं, चालकाने एक पाय चिखलात टाकला आणि परत गेला. मग विळे. 9,000. भरलं 1,240 किलो. 90 किलो बियाण्याला काढून ठेवलं, उरलेलं विकण्याऐवजी उकडे तांदूळ करायचं ठरलं. केंद्राचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला 2,300 होता. त्या भावाने आमची फेड होणार नव्हती. मावशीच्या अंगणात मोठं भाण (भांडं) चुलीवर चढवलं. रात्रभर भिजवलेलं भात, खाली थोडं पाणी, वर गोणपाट. टरफलाला चीर पडली की उतरवायचं, तो क्षण चुकला तर भाताचा लगदा. पहिली खेप चुकली. अंगणभर वाळत घातलं, दुपारच्या गडगडाटी सरीत दोनदा पळापळ. माशेलजवळच्या गिरणीतून 740 किलो लाल तांदूळ आला. उकडणं आणि गिरणी मिळून 4,600.

2 नोव्हेंबर 2024 ला पाडवा आणि मृतांचा दिवस एकत्र आला. सकाळी आमच्या वाड्यावर गोरवांना (गाईगुरांना) ओवाळलं, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या, आणि तशीच मी मावशीला घेऊन चर्चला गेले. आदल्या आठवड्यात विकलेल्या तांदळाचे पहिले 3,000 रुपये खजिनदारांकडे दिले होते. त्यांनी पावती फाडली ती जोडप्याच्या नावाने, देणाऱ्याच्या जागी 'शेत' असं लिहून. नावं वाचली गेली तेव्हा मावशी या वेळी काही बोलली नाही.

हिशेब नोव्हेंबरअखेर लागला. कागद 4,350, लव्हाळा 12,000, बांध 31,000, ट्रॅक्टर 6,000, बियाणं 3,000, लावणी 7,200, कापणी 9,000, उकडणं आणि गिरणी 4,600. एकूण 77,150. प्रत्येकी 11,000 काढले होते आणि वरचे 150 माझे. चर्चच्या जेवणाला 20 किलो दिले, 720 किलो 80 रुपयांनी गेले, 57,600. त्यातून मिसांचे 3,000 वजा. म्हणजे 22,550 ची खोट, माणशी साधारण 3,200. मजुरी शून्य. बांधाचा खर्च दर वर्षी येणार नाही, म्हणून पुढच्या वर्षी तोंडमिळवणी व्हावी. कॉलेजातल्या मुलाने गट सोडला, त्याला पुण्यात प्रवेश मिळाला. त्याच्या जागी प्रोकुरादोरांचा पुतण्या आला आहे, हे लिहिताना मला हसू येतंय.

दुसऱ्या हंगामाचा कागद लगेच झाला नाही, कारण 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन होतं आणि फादर तिथल्या कामात. जानेवारीच्या मध्यावर सह्या झाल्या. या वेळी एक कलम वाढलं आहे: मानशीच्या पावणीच्या वेळी फाब्रिकेचा एक माणूस हजर राहील, आणि मोठ्या भरतीच्या रात्री दारांवर आमच्यातला एक जण बसेल. पाळ्या लावल्या आहेत. अनंत चतुर्दशीची पाळी माझी.

बियाण्याचं 90 किलो कोरगुट माझ्या माजघरात पत्र्याच्या पिंपात आहे, वर कडुलिंबाचा पाला घालून. आम्हाला 60 लागेल. उरलेलं 30 किलो ज्याला हवं असेल त्याने मे संपायच्या आत सांगावं. पैसे नकोत, कापणीनंतर तेवढंच भात परत आणून द्या, पण चाळून.